बप्पांचा हरलेला हंगाम

मुक्ताराम बप्पांची आणि माझी ओळख त्यांच्या हातांपासून झाली. परळीच्या एका कॉलेजच्या वर्गात मी खेळाडूंची तपासणी करत बसले होते. एकेक जण येऊन बाकावर बसायचा, मी खांदे, कोपरं, गुडघे हलवून बघायची आणि पुढच्याला हाक मारायची. बप्पा आले, बसले आणि त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर ठेवले. उजव्या हाताचं एकही बोट धड सरळ नव्हतं. करंगळी बाहेरच्या अंगाला वळलेली, मधल्या बोटाचं पेर सुजून तसंच घट्ट झालेलं. मी विचारलं, "हे कधी मोडलं?"

त्यांनी ती बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी न्याहाळली आणि म्हणाले, "कोनतं म्हनता?"

तेव्हा ते चाळिशीच्या जवळ आले होते. बाकीचा संघ पंचविशीच्या आतबाहेरचा. आमच्या बीडकडे बप्पा म्हणजे घरातला थोरला, जाणता माणूस. पोरं त्यांना बप्पा म्हणत, आणि आठवडाभरात मीही म्हणायला लागले. ते मला ताई म्हणायचे, कधी फार दुखत असेल तर डॉक्टरताई. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी दोनतीनदा सांगून पाहिलं. त्यांनी ते मन लावून ऐकून घेतलं आणि काही फरक पडला नाही.

बीड जिल्ह्यात बेसबॉल म्हटलं की लोक हसतात. पण आमच्याकडे शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी पोरं पूर्वीपासून आहेत. खरं तर बहुतेकांना खेळापेक्षा प्रमाणपत्र हवं असतं. सरकारी भरतीत खेळाडूंना राखीव जागा असतात. कबड्डीची लीग चालली, खो-खोची चालली, म्हणून मधे काही व्यापारी मंडळींनी मिळून बेसबॉलचीही एक काढली. खेळाडूंना पगार, प्रत्येक संघाला मालक, रंगीत कपडे, भिंतींवर पोस्टर. मराठवाड्याच्या वाट्याला एक संघ आला. त्याचं नाव 'बालाघाटचे बिबटे'. मालक परळीचे, विटांचा कारखाना असलेले. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. मी बीडच्या एका दवाखान्यातून रजा घेऊन या संघाबरोबर गेले. लीगचा तो एकच हंगाम झाला, आणि आम्ही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत हरलो. मधे कुठे एखादा सामना जिंकला असेल, पण त्याची आठवण कुणाकडेच नाही.

बप्पा कॅचर होते. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू टाकतो, फलंदाज मारतो, आणि फलंदाजाच्या पाठीमागे एक माणूस उकिडवा बसून सुटलेला प्रत्येक चेंडू झेलतो. तो कॅचर. तोंडावर जाळी, छातीवर ढाल, डाव्या हातात जाड मोजा. उन्हात, धुळीत, अख्खा सामना तो बसतो आणि उठतो. पिचरचं नाव पोस्टरवर लागतं. कॅचरचं तोंडच कुणाला दिसत नाही.

बप्पा उमापूरच्या बाजूचे, मेंढपाळांच्या घरातले. एकदा एक बातमीदार आला आणि त्याने विचारलं की लहानपणी मेंढरांना दगड मारून मारून तुमचा नेम बसला असेल ना. बप्पा म्हणाले, "मेंढराला दगूड मारत्यात व्हय? माझ्या बापानं मलाच हानला आस्ता." मेंढरं हाकेवर चालतात, शिट्टीवर वळतात, हे त्यांनी त्याला चांगलं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की मेंढरांना दगड मारणारा मुलगा आज बेसबॉल गाजवतोय. बप्पांनी ते वाचलं, घडी घातली आणि त्या कागदावर बुटाची माती झटकली. फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. फक्त म्हणाले, "गाजवतोय बी लिव्हलंय."

एरवी ते गेवराईकडच्या एका विनाअनुदानित शाळेत खेळाचे शिक्षक होते. अनुदान येईल या आशेवर त्यांची सारी तरुणपणाची वर्षं तिथे गेली होती. लीगमध्ये आले ते शाळेतून बिनपगारी सुट्टी घेऊन. बिनपगारी सुट्टी हा शब्द उच्चारताना ते दर वेळी थोडे हसायचे.

सामन्याच्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचे आणि आपल्या बसायच्या जागेवरचे खडे वेचायचे. आमचं मैदान कॉलेजच्या मागे होतं, आणि त्याच्या पलीकडे औष्णिक केंद्राच्या चिमण्या. वारा तिकडून आला की राख यायची. घरच्या मैदानावर घालायचे आमचे कपडे पांढरे ठेवण्याची कल्पना आबासाहेबांची. दुपारपर्यंत सगळे बिबटे करडे व्हायचे. बप्पा आपले कपडे रोज स्वतः धुवायचे. पोरं म्हणायची, टाका की धोब्याकडे. ते म्हणायचे, हरलेले कपडे दुसऱ्याला कशाला धुवायला द्यायचे.

त्यांची आणखी एक सवय होती, आणि तिच्यापायी पंचांनी त्यांना कितीदा तरी ताकीद दिली. ते समोरच्या संघाच्या फलंदाजांशी बोलायचे. टोमणे नाहीत, शिव्या नाहीत. कोल्हापूरच्या पोराला विचारायचे, तिकडं ऊस तुटला का. नाशिकच्या पोराला विचारायचे, द्राक्षाला भाव काय. पोरगा बॅट उचलून उभा, तिकडून चेंडू यायच्या बेतात, आणि खालून जाळीतून आवाज, आई बरी हाय का. एखादा गोंधळायचा, एखादा हसायचा आणि बहुतेक जण उत्तर देऊन मग चेंडू लांब मारायचे. मी त्यांना म्हटलं, हा तुमचा डाव आहे का लक्ष उडवायचा? त्यांना ते लागलं. म्हणाले, "एवढ्या जवळ बसायचं आन बोलायचं न्हाई, हे मानसाला शोभत न्हाई, ताई."

हरल्यावरचा त्यांचा नियम ठरलेला होता. मैदानातून खोलीवर आलं की आधी हातपाय धुवायचे, तोवर सामन्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एक जण चेष्टेने म्हणाला, मयतीवरून आल्यासारखंच झालं हे. बप्पा म्हणाले, त्याच्यासाठीच सांगतोय. आणि खरंच, थंड पाणी पायांवर घेऊन आलेली पोरं निम्मं भांडण नळावरच सोडून यायची.

पण हंगाम लांबत गेला तसं पाणीही पुरेना. पुण्याहून आणलेले प्रशिक्षक अर्ध्यातच आईचं आजारपण सांगून गेले ते परतले नाहीत. आबासाहेबांनी नवा माणूस शोधला नाही. बप्पा आहेतच, म्हणाले. बप्पा कर्णधार होतेच, आता प्रशिक्षकही झाले. त्यांचं काम तेवढं वाढलं, बाकी काही बदललं नाही. आम्ही बसमध्ये चढायचो, कुठेतरी जायचो, हरायचो, परत यायचो. सामना मोठ्या फरकाने हरला की पोरं रडायची ते दिवस मागे पडले. आता कुणी रडत नव्हतं. हेच मला जास्त वाईट वाटायचं.

आमचा पिचर दत्ता. धारूरचा, उंच, अंगाने सडपातळ, बोलायला फटकळ. पोस्टरवर त्याचाच फोटो होता. त्याचा चेंडू आला की बप्पांच्या मोज्यातून टाळी वाजल्यासारखा आवाज निघायचा आणि बघायला आलेले लोक, ज्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, तेही मान वळवायचे. दत्ताला बेसबॉलचं पुढे काही करायचं नव्हतं. त्याला पोलीस व्हायचं होतं. पावसाळ्यानंतर भरती निघणार असं सगळे म्हणत होते, आणि तो रोज पहाटे धावायचा, गोळाफेक करायचा. भरतीत गोळाफेकीला गुण असतात.

एकदा असेच पुण्याहून हरून परतताना मांजरसुंब्याजवळ बस बंद पडली. भर दुपार, एप्रिल महिना. ड्रायव्हर म्हणाला, मिस्त्री येईपर्यंत बसा. बसमध्ये बसवेना आणि बाहेर सावली नाही. तेवढ्यात दत्ता मागच्या बाकावरच्या पोरांना म्हणाला, "चेंडू तुमी सोडता आन नाव माझं खराब होतंय." एकाने त्याची कॉलर धरली. दोघंतिघं उठले. मी पुढे बसले होते, बप्पांकडे पाहिलं. ते उठले, वळून पाठीमागे बघितलंही नाही, आणि खाली उतरून चालायला लागले.

कुणीतरी खिडकीतून ओरडून विचारलं, कुठं निघाले.

"कपिलधारला. येनार का बसनार हितंच?"

भांडण तिथेच राहिलं आणि सगळे मागोमाग निघाले, मीही. वाट तापलेली होती. बप्पा पुढे, किंचित फेंगडे चालत होते. त्यांचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. कपिलधारच्या धबधब्याला पाणी कसलं, कातळावरून एक बारीक धार उतरत होती. पावसाळ्यात लोक बघायला येतात ते हेच का, असं वाटावं इतकी बारीक. बप्पांनी पँट वर केली, एका दगडावर बसले आणि दोन्ही गुडघे त्या धारेखाली धरले. डोळे मिटून घेतले. पोरांनी तोंडं धुतली, डोकी भिजवली, कुणी शेजारच्या देवळात जाऊन आलं. दत्ता उशिरा आला आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला. मी मागेच होते, म्हणून ऐकू आलं.

डोळे न उघडता बप्पा म्हणाले, "हरायचं तर हरू बे. पर एकमेकाच्या अंगावर हरू नगा."

परत येताना ज्याने कॉलर धरली होती त्याच्याकडचं पाणी दत्ता मागून प्यायला. एवढंच झालं. पुढचाही सामना आम्ही हरलो.

हंगाम संपता संपता दत्ताचं कोपर सुजलं. पिचरचा तो जुना रोग. ताकद खांद्यातून येते आणि किंमत कोपराला मोजावी लागते. मी तपासलं. आतला बंध, लिगामेंट, ताणला गेला होता. मी स्पष्ट सांगितलं की आता विश्रांती. याच्यावर आणखी जोर पडला आणि तो तुटला, तर पुढच्या वर्षभरात या हाताने गोळा फेकता येणार नाही. दत्ता खाली मान घालून बसला. शेवटचा सामना, नाशिकशी, घरच्या मैदानावर, चार दिवसांवर आला होता.

त्या सामन्याला आबासाहेबांनी बाहेरून पाहुणे बोलावले होते. त्यांना संघ आवडला तर पुढच्या वर्षी ते भागीदार होणार होते, नाहीतर संघ बंद. आबासाहेब वाईट माणूस नव्हते. तेही थकले होते. सामन्याच्या सकाळी ते आमच्या खोलीवर आले, चहाला नको म्हणाले आणि उभ्यानेच मला विचारू लागले. दोनच तासांचा प्रश्न आहे, काही इंजेक्शन वगैरे देऊन जमेल का. पोस्टरवर ज्याचा फोटो तोच नसेल तर पाहुण्यांना काय दाखवू. मी नाही म्हटलं. ते दत्ताकडे वळले. दत्ता म्हणाला, "खेळतो मी." त्याला वाटत होतं, नाही म्हटलं तर पुढच्या वर्षीचं नाव जाईल. पोराचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो खेळतो म्हणाला.

बप्पा खिडकीपाशी बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधून झाली तेव्हा म्हणाले, "त्यो टाकनार आसंल तर मी त्याच्यापुढं बसनार न्हाई."

आबासाहेबांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग चेंडू कोण टाकणार?"

"मी टाकतो."

दत्ता ताडकन उठला आणि म्हणाला की माझा हात आहे, माझं मी बघीन, तुम्ही कोण ठरवणार. बप्पा दुसऱ्या बुटाकडे वळले. आबासाहेब दाराकडे वळत म्हणाले, बघा काय करायचं ते, आणि गेले.

तो सामना मी कधी विसरणार नाही, आणि आठवायलाही मला आवडत नाही. मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो, पिचर तिथे उभा राहतो. आयुष्यभर जाळीआड बसलेले बप्पा त्या दिवशी उघड्या तोंडाने तिथे उभे होते. राखीव कॅचर त्यांच्या जागी बसला. चेंडू टाकायचा म्हणजे नुसता हात फिरवायचा नसतो. सगळं अंग पुढे झोकून डाव्या पायावर पडायचं असतं. त्यांचा चेंडू नेमका जायचा, पण सावकाश. नाशिकची पोरं वाट बघून मारायची. चेंडू कुंपणापार, चेंडू चिमण्यांच्या दिशेला, चेंडू कॉलेजच्या पत्र्यावर. लोक आधी ओरडले, मग हसू लागले. माझ्या मागे बसलेला एक म्हातारा विचारत होता की हा माणूस त्यांच्याच बाजूचा आहे का. पाहुणे अर्ध्यातच उठले. आबासाहेब त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले ते परत आले नाहीत.

बप्पा टाकत राहिले. प्रत्येक चेंडूनंतर पँटला हात पुसायचे, पोरांकडे बघून एकदा मान हलवायचे आणि पुन्हा उभे राहायचे. पोरं धावत होती. का कोण जाणे, त्या दिवशी एकानेही धावणं सोडलं नाही, एकानेही दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही. दत्ता बाकावर हाताची घडी घालून बसला होता आणि मैदानाकडे बघत नव्हता.

सहाव्या डावात चेंडू टाकताना बप्पांचा डावा पाय पडला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. मला बाकावरून दिसलं. ते खाली बसले, हात टेकून उठले. मी धावत गेले. म्हणाले, जरा थांबा ताई, एवढा डाव होऊ द्या. नाशिकच्या कर्णधाराने पंचाला जाऊन सांगितलं की आमच्याकडून पुरे, सामना थांबवा; फरक एवढा वाढला की पंचाला तसं करता येतं. पंचाने बप्पांना विचारलं. बप्पा म्हणाले, "मी थांबा म्हननार न्हाई. तुमी थांबवला तर माझी हरकत न्हाई." पंचाने तो डाव पुरा होऊ दिला आणि सामना थांबवला.

सगळ्यांशी हात मिळवून ते आत आले तेव्हा घामावर राख बसून तोंडावर रेघा उमटल्या होत्या. दत्ता आपली पिशवी उचलून त्यांच्यासमोरून निघून गेला. वाकला नाही, बोलला नाही. तो गेल्यावर मी बप्पांच्या गुडघ्यावर बर्फ बांधायला घेतला. आत काय झालंय ते हाताला कळत होतं. मी सांगितलं की तपासणी करावी लागेल, कदाचित शस्त्रक्रिया, आणि यापुढे उकिडवं बसणं, मांडी घालणं विसरा. ते चिमण्यांकडे बघत ऐकत होते.

मग म्हणाले, "दत्त्याला सांगू नका. आधीच चिडलाय त्यो."

लीग तिथेच बुडाली. पोस्टर पावसात गळून गेली. मी माझ्या दवाखान्यात परत आले, बप्पा त्यांच्या शाळेत. शस्त्रक्रियेबद्दल मी फोनवर दोनदा विचारलं. म्हणाले, बघू सुट्टीत. दत्ताचं कोपर दोन महिन्यांत बरं झालं. भरतीत तो निवडला गेला. गणवेशातला फोटो त्याने मला पाठवला होता. बप्पांना कळवलंस का, असं मी विचारलं, तर त्याचं उत्तर आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात धारूरला दत्ताचं लग्न झालं. मला बोलावणं होतं, मी गेले. मांडवात पोचले तेव्हा पंगती सुरू होत्या, आणि भाजीची बादली घेऊन पंगतीतून बप्पा वाढत चालले होते. डावा पाय सरळ ठेवून, कमरेत वाकून. थोडे वाळले होते. दत्ताच्या वडलांनी पत्रिका धाडली म्हणून आले, म्हणाले. कुणी तरी म्हणालं, बप्पा, बसा आता. ते म्हणाले, ही पंगत होऊ द्या. दुसरी पंगत उठली, तिसरी बसली. ते वाढतच राहिले. मी म्हटलं, खुर्ची मागवू का? त्यांनी मान हलवली. सगळे खाली बसलेले असताना आपण वर बसायचं त्यांच्याने होणार नव्हतं.

तेवढ्यात दत्ता स्टेजवरून उतरून आला. डोक्याला फेटा, गळ्यात हार, पाठीमागे दोघंतिघं त्याला परत बोलावत होते. तो सरळ बप्पांपाशी गेला आणि त्यांच्या हातातली बादली धरली.

"बप्पा, बसा. मी वाढतो."

"राहू दे रं. मला बसता येत न्हाई."

"काहून?"

बप्पांनी बादली आपल्याकडे ओढली. दत्ताने त्यांच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही सांगितलं नाही, पण नजरही वळवली नाही. पोलिसात होता तो. त्याला उलगडायला वेळ लागला नाही. बादली दोघांच्याही हातात तशीच राहिली. भाजी वाढा की, असं पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

दत्ताने बादली काढून घेतली आणि एका पोराकडे दिली. दोन पत्रावळी मागवल्या. मांडवाच्या कडेला पाहुण्यांचा टेम्पो उभा होता, त्याच्या मागच्या फळीवर त्या ठेवल्या. स्टेजवर नवरी एकटी बसली होती, फोटोवाला हाका मारत होता, भटजी घड्याळ बघत होते. नवरदेव आणि बप्पा टेम्पोला टेकून, उभ्याने, मुकाट्याने जेवत होते. मी निघाले तेव्हा दत्ता त्यांना आणखी वाढ म्हणून कुणाला तरी हाताने खुणावत होता.